मान वळवणारा दगड

जपानातल्या आमच्या किनाऱ्यावर एक चिनी संगीतकार पोहताना बुडाला, त्याला बरीच वर्षं झाली. तो सापडला तात्सुकिचीच्या जाळ्यात. तात्सुकिची आमचा जाळेमालक. त्याच्या हाकेवर अख्खं गाव जाळ्याचा दोर ओढतं. त्यानंच वाळूच्या वरच्या अंगाला स्मारकाचा दगड उभा केला, तोंड समुद्राकडे. बुडालेल्याचा दगड आमच्याकडे समुद्राकडेच बघतो. नाहीतर समुद्र आपला माणूस परत मागतो आणि जाळी रिकामी ठेवतो.

पण हा दगड स्वस्थ बसेना. रोज सकाळी थोडा डोंगरांकडे फिरलेला. तात्सुकिची पहारीनं सरळ करी, तो पुन्हा फिरे. वाळू खचते, असं मास्तर म्हणायचे. म्हणोत बापडे! खचलेला दगड कलतो. हा ताठ उभा राहून मान वळवायचा. एकदा मी त्याच्या सावलीत भाताचा गोळा खायला बसलो, तर निम्मा संपेस्तोवर सावली मला सोडून चालती झाली.

यंदा स्मृतिदिनाला त्या संगीतकाराची थोरली बहीण येणार, असं कळलं आणि गावाला चैन पडेना.

"मालक, दगड वाकडा राहिला तर मी दोराला हात लावायची नाही," ओशिगे फणकारली. दोरावर सगळ्यांत पुढे तीच असते. "मासळी आधीच रुसलीय."

"नको लावूस. एकटा ओढीन."

"तुम्ही? कमरेचा पट्टा बांधायला बायको लागते तुम्हाला!"

तात्सुकिची सिमेंट कालवायला बसला. दगड कायमचा पक्का करायचा. तेवढ्यात बाई आल्याच, दुभाष्याला मागे टाकून. दगडावर हात फिरवत त्यांनी विचारलं, "हा कुठं बघतोय?"

दुभाष्यानं धापा टाकत ते आमच्या भाषेत सांगितलं.

"घराकडे," तात्सुकिची छाती काढून म्हणाला. "समुद्रापलीकडे."

बाईंनी पाठीमागच्या डोंगरांकडे बोट केलं. "घर तिकडे आहे. इकडे अमेरिका."

होकायंत्र हाताळण्यात आमचा जन्म गेला, पण परदेश म्हणजे समोरचं पाणी, हेच डोक्यात.

"ओता सिमेंट," ओशिगे कुजबुजली. "बाई उद्या जातील, जाळी आपली राहतील."

तात्सुकिची एकदा समुद्राकडे बघे, एकदा डोंगराकडे. सिमेंट घट्ट होत चाललं. "बाई, तुम्हीच सांगा."

"त्याला पाण्यातून तुम्ही काढलंत. तुम्ही सांगा."

त्यानं पहार घातली, दगड पुरता डोंगरांकडे वळवला आणि बुडाशी सिमेंट ओतलं.

त्या दिवशी दोराला मोजकीच माणसं आली. बाईंनीही बाह्या सरसावून दोर धरला. माझ्या बाकी गोष्टींवर विश्वास ठेवू नका, पण जाळं रिकामं आलं, हे खरं. नुसतं शेवाळ. तात्सुकिची ते झटकत राहिला, समुद्राकडे न बघता.

"उद्या पुन्हा टाकू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ओशिगे आली. शिव्या देत आली, पण दोराला सगळ्यांत पुढे उभी राहिली.