तीनदा पुकारलेलं नाव

कोर्टाच्या बेलिफाने समन्स हातात दिलं तेव्हा जयाबाई गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला हुक लावत होत्या. त्याने सही घेतली, तारखेवर बोट ठेवलं आणि तो गेला.

नारायण पेठेतलं त्यांचं शिवणाचं दुकान दोन मशीनचं, बावीस वर्षं भाड्याने घेतलेलं. मालक यज्ञेश्वररावांनी दावा लावला होता: दुकान सात महिने विनाकारण बंद होतं, ते खाली करून द्यावं. बंद होतं हे खरं. जयाबाईंचं मनगट मोडलं होतं, दोन ऑपरेशनं झाली होती.

त्या राहायला येरवड्यात. तुरुंगाबाहेर भेटीसाठी ताटकळणाऱ्या बायका त्यांना जाता-येता दिसायच्या. कोर्टाचा कागद आला म्हणजे आज ना उद्या आपणही आतच, असं त्यांनी धरून टाकलं. मुलगी प्रियदर्शनी नागपूरला नोकरीला; तिला फोनवर काहीच सांगितलं नाही.

तारखेला त्या शिवाजीनगरच्या कोर्टात गेल्या. भाड्याचे दावे चालतात त्या स्मॉल कॉज कोर्टाची खोली विचारत विचारत शोधली. आत काळे कोट, फायलींचे ढीग. त्या दाराबाहेर भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. शिपायाने त्यांचं नाव पुकारलं. एकदा, दोनदा, तीनदा. जयाबाई जागच्या हलल्या नाहीत. शिपाई आत वळल्यावर त्या जिना उतरल्या आणि थेट घरी आल्या.

चारपाच दिवसांनी यज्ञेश्वरराव दुकानाच्या पायरीशी थांबले. "कोर्टात तुमचा पत्ता नव्हता. वेळ नसेल, नाही का? आता दावा तुमच्याशिवाय, एकतर्फी चालेल. किल्ली शोधून ठेवा."

जयाबाईंना सुईत दोरा ओवता येईना. संध्याकाळी त्यांनी मुलीला फोन केला आणि सगळं रडत सांगितलं.

"आई, हा दिवाणी दावा आहे," प्रियदर्शनी म्हणाली. "यात दुकान जाऊ शकतं, पण तुला कुणी पकडून नेणार नाही. कोर्टातच विधी सेवेचं ऑफिस आहे. बायकांना वकील फुकट मिळतो. उद्याच जा."

तिथे त्यांना ॲडव्होकेट ऋतुजा मिळाल्या. त्यांनी दवाखान्याचे कागद पाहिले आणि म्हणाल्या, "कारण असेल तर बंद दुकानही वाचतं. पण आधी तो एकतर्फी हुकूम रद्द करून घ्यायला हवा. त्या दिवशी तुम्ही आजारी होतात, असं लिहू या?"

"आजारी नव्हते हो," जयाबाई म्हणाल्या.

अर्जाच्या दिवशी न्यायाधीशांनी त्यांनाच विचारलं, "पहिल्या तारखेला का आला नाहीत?"

"आले होते साहेब. दाराबाहेरच होते. नाव ऐकलं. भीती वाटली, म्हणून पळाले."

मागे यज्ञेश्वरराव खोकल्यासारखं हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी काहीतरी लिहिलं आणि सांगितलं, "हुकूम रद्द. चौदा दिवसांत लेखी म्हणणं द्या. पुढच्या वेळी आत या. बाहेरून मला ऐकू येत नाही."

बाहेर आल्यावर ऋतुजा म्हणाल्या, "आता साक्षीदार हवा. मनगट मोडलं तेव्हा पाहिलेला, शेजारचा."

शेजारी वैजनाथांची गिरणी होती. त्यांनीच जयाबाईंना रिक्षात घातलं होतं. पण गिरणीची जागाही यज्ञेश्वररावांचीच.

"मी बोललो तर उद्या मलाही समन्स येईल," वैजनाथ म्हणाले.

"येईल," जयाबाई म्हणाल्या. खोटं कशाला बोलायचं?

दोन दिवस ते त्यांची नजर चुकवत राहिले. तिसऱ्या दिवशी पिठाचे हात झटकत दुकानात आले आणि आधारची झेरॉक्स मशीनवर ठेवली.

"तुमच्या वकीलबाईंना सांगा, नाव नीट लिहा. आणि मला त्या खोलीपर्यंत तुम्हीच न्या. मी कोर्ट बाहेरूनसुद्धा पाहिलेलं नाही."