दाजींचं गाऱ्हाणं

माझी बायको माझ्यापेक्षा जोरात धावते. सरळच सांगतो, कारण अख्ख्या जामसंड्याला ते आता माहीत आहे, आणि मला ते अजिबात आवडत नाही.

डोंगरात धावायचं वेड मूळचं माझं. सड्याच्या, म्हणजे गावावरच्या उघड्या पठाराच्या, कातळावर पहाटे एकटा धावायचो तेव्हा लोक मला खुळा म्हणायचे. मी पुण्याहून खाचदार तळव्याचे बूट मागवले, पाठीला चिकटून बसणारी पाण्याची पिशवी घेतली, चढावर चोखायची जेलची पाकिटं घेतली. किशोरी गेल्या दिवाळीनंतर नुसती सोबत म्हणून यायला लागली. श्वास कसा सांभाळायचा, उतारावर पावलं आखूड कशी टाकायची, सगळं मीच शिकवलं. गुरूची विद्या गुरूला फळली. शिमग्यापर्यंत ती चढावर माझ्या पुढे, आणि वर गप्पा मारत. इथे मला श्वास पुरेना आणि हिला शेजारच्या सुनेचं बाळंतपण सांगायचं असे.

तिने चांगले बूट मागितले तेव्हा मी म्हटलं, आधी वर्षभर धावून दाखव. ती बाजारातले स्वस्तातले बूट घालून, ओढणीच्या गाठीत जत्रेतलं खाजं बांधून धावत राहिली. आलं-गुळाचं खाजं चघळत बाई चढ चढते आणि महागड्या जेलने मला नुसते ढेकर येतात.

यंदा सड्यावर पहिल्यांदाच शर्यत ठेवली. देवळासमोरून निघायचं, कातळ ओलांडून काजूच्या बागांतून खाडीपर्यंत उतरायचं आणि बागांतल्याच दुसऱ्या वाटेने चढून परत. नंबराची मला आशा नव्हती. मला फक्त किशोरीच्या आधी पोचायचं होतं.

गावातलं कुठलंही काम देवाच्या कानावर घातल्याशिवाय सुरू होत नाही. तेव्हा नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला माझ्या वडिलांना, दाजींना, बोलावलं होतं. दाजींनी आधी सगळ्या धावणाऱ्यांसाठी यश मागितलं. मग आवाज चढवला.

"माझी सून किशोरी बायकांत पयली येवंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आणि माझो झिल मंगेश हातीपायी धड परत येवंदे रे म्हाराजा."

शहरातून आलेली पोरंसुद्धा हसत "व्हय म्हाराजा" ओरडली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सख्खा बाप, आणि सुनेसाठी पहिला नंबर मागतो, माझ्यासाठी हातपाय.

खाडीपर्यंत किशोरी दिसलीसुद्धा नाही, इतकी पुढे गेली होती. परतीच्या चढावर, काजूच्या बागेत, ती कुंपणाच्या दगडी गडग्यावर बसलेली दिसली. कातळाने तिच्या एका बुटाचा तळवा पार उखडला होता.

"तुमच्याकडे चिकटपट्टी आसा मां?" तिने विचारलं.

होती. माझ्या पाठीवरच्या पिशवीत, वरच्याच कप्प्यात.

"फुडच्या टेबलार सांगतंय," मी म्हटलं आणि थांबलो नाही. पुढच्या पाण्याच्या टेबलावर कोकम सरबत प्यायलो आणि काहीच सांगितलं नाही. खरं सांगतो, तिथून पुढे माझे पाय कधी नव्हे इतके हलके पडले.

देवळासमोर दाजी शर्यत संपायच्या दोरीपाशीच उभे होते. मी धापा टाकत आत आलो. त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"किशोरी खंय रे?"

ती मागून येते, मी म्हटलं आणि पाणी पीत बसलो. तोंड कडूच राहिलं.

थोड्या वेळाने ती आली. ओढणी फाडून बुटाला गुंडाळली होती, टाचेकडे रक्त होतं, आणि तरी बायकांत पहिली. लोक गोळा झाले. बुटाला काय झालं, कोणीतरी विचारलं. तिने सांगितलं. मग दाजींकडे बघत म्हणाली, "ह्येंनी बांधून दिल्यानी. नायतर माझा काय खरा न्हवता."

माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. बापासमोर माझी लाज राखली तिने, आणि त्यातही माझ्या पुढेच गेली. तिच्या जागी मी असतो तर चारचौघांत बोंब मारली असती. म्हणून तर जास्तच जळलो.

दाजींचे डोळे भरून आले. उभ्या आयुष्यात त्यांनी माझं कौतुक केलेलं मला आठवत नाही. माझा हात धरून त्यांनी मला देवळासमोर नेलं, सगळ्यांना जवळ बोलावलं आणि पुन्हा हात जोडले.

"माझ्या झिलान सोताची शर्यत सोडून बायलेक हात दिल्यान, तशी बुद्धी सगळ्यांका दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

सगळ्यांत मोठा आवाज किशोरीचा होता.