फोकसवरची चिकटपट्टी

तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि ती जवळजवळ ओरडलीच,

"आई, कसली भारी दिसतायत गं!"

चुनखडीच्या दगडाच्या, कागदाहून पातळ अशा कापात गोल गोल पेशींची माळ होती आणि प्रत्येक पेशीत केंद्रकासारखा एक काळा ठिपका. म्हणजे नुसते जीवाणू नव्हेत. झाडांच्या, माणसांच्या जातकुळीतलं काहीतरी, तेही शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या दगडात. उद्या प्रयोगशाळेला पैसे देणारे पाहुणे हेच बघायला येणार होते. त्यांना पटलं तर आईची प्रयोगशाळा राहणार, नाहीतर कुलूप.

"कशाला हात लावू नकोस," आई नळाखाली काचा धूत म्हणाली. "केवढ्या खटपटीनं फोकस बसवलाय."

"माझ्या हाताला काय काटे आहेत?"

"काटे नाहीत, किडे आहेत."

ती फिसकन हसली. मग तिचं लक्ष फोकसच्या स्क्रूकडे गेलं. त्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली होती. असं आईने कधीच केलं नव्हतं. उलट लहानपणी मांडीवर घेऊन तिनेच शिकवलं होतं: फोकस थोडा खालीवर करून बघायचा. दगडातली गोष्ट दगडाच्या कणांबरोबरच स्पष्ट होते. वेगळी स्पष्ट झाली, तर ती दगडातली नाहीच, काप काचेला चिकटवायच्या गोंदातली. बुडबुडा.

तिने नखाने पट्टी उचकटली. स्क्रू जरासा फिरवला.

दगडाचे कण लख्ख दिसले. माळ पुसट झाली. तिने उलटं फिरवलं. माळ लख्ख, कण पुसट. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

नळ बंद झाल्याचं तिला उशिरा कळलं. आई मागेच उभी होती. हातांवरचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"आई, हे तर..."

"माहितीये."

"कधीपासून?"

आईने पट्टी घेतली आणि स्क्रूवर पुन्हा गुंडाळू लागली. ओल्या बोटांमुळे ती चिकटेना. तिने हात पदराला पुसले, पुन्हा लावून पाहिली. मग तिची गोळी केली आणि मुठीत धरून उभी राहिली.

"उद्या त्यांना काय सांगायचं?" मुलीने विचारलं. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

आईने स्टूल सूक्ष्मदर्शकासमोर नीट सरकवलं.

"बसा म्हणायचं," ती म्हणाली. "आणि फोकस फिरवून बघा म्हणायचं."