थापाडी नळी

मी एक जुनी रबरी नळी आहे. हसलात ना? हसा, खुशाल हसा! पण मित्रांनो, माझ्या अंगावरून जेवढी चाकं गेली आहेत, तेवढी तुमच्या अख्ख्या शाळेने मिळून पाहिली नसतील.

भांडुपच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. आम्ही सगळ्या बहिणी काळ्याभोर आणि लांबलचक. वेटोळी घालून तासन् तास गप्पा मारायचो. एकीला पेट्रोल पंपावर जायचं होतं, टायरमध्ये हवा भरायला. मला मात्र बागेत जायचं होतं. मोगऱ्याला पाणी घालावं, जास्वंदीला न्हाऊ घालावं, एवढीच माझी हौस. पण नशीब बघा! अंधेरीतल्या एका कचेरीने मला विकत घेतलं आणि नेऊन भर रस्त्यात आडवं घातलं.

त्या कचेरीत शहराच्या प्रवासाचा अभ्यास चालायचा. लोक कुठून कुठे जातात, कशाने जातात, त्यासाठी रस्त्यावर किती वाहनं धावतात आणि ती किती धूर ओकतात, याचं गणित घरोघर विचारलेल्या माहितीवरून काँप्युटर मांडायचा. पुढे दहा-पंधरा वर्षांनी काय होईल, तेही छातीठोकपणे सांगायचा. पण तो महाराजा बसायचा थंडगार खोलीत. त्याला रस्ता काय ठाऊक? म्हणून त्याचं गणित खऱ्या रस्त्याशी ताडून बघायला मी होते.

लवूकाका मला रस्त्यावर ताणून बसवायचे आणि माझं एक टोक कडेच्या लोखंडी पेटीला जोडायचे. अंगावरून चाक गेलं की माझ्या पोटातली हवा 'फुस्स' करून पेटीत शिरायची आणि आतला आकडा पुढे सरकायचा. पुढची चाकं, फुस्स! मागची चाकं, फुस्स! झाली एक मोटार. काम सोपं वाटतं ना? मग एकदा बेस्टच्या डबलडेकर बसखाली झोपून बघा.

लवूकाका देवगडकडचे. मला उचलताना 'चल गो बाय' म्हणायचे, त्यामुळे मला ते फार आवडायचे. आणि आमची पद्मजाताई! मुलुंडची तरुण इंजिनीअर. काँप्युटरला आकडे भरवायचं काम तिचं. पदर खोचून ती रस्त्यात वाकायची, मला चाचपून बघायची, आणि संध्याकाळ झाली की ओरडायची, "आवरा हो लवूकाका, माझी गाडी चुकेल!" हे वाक्य मी रोज ऐकलं. रोज ऐकूनही माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही.

कचेरीचे मोठे साहेब नंदकुमार. मनाने चांगले, पण त्यांनीच मला 'थापाडी' हे नाव ठेवलं. त्याचं असं झालं, घाटकोपरला एका गल्लीत मी पडले होते आणि समोरून एक वरात आली. बँडवाल्यांना थांबायला नेमकी माझीच जागा सापडली. नवऱ्याचे मामा, काका, मित्र, सगळे माझ्यावर दणादण उड्या मारत नाचले. मी बिचारी फुस्स फुस्स करून दमले. दुसऱ्या दिवशी पेटीतला आकडा बघून कचेरीने तोंडात बोटं घातली. त्या बोळातून म्हणे हायवेपेक्षा जास्त मोटारी गेल्या! तेव्हापासून साहेब मला बघितलं की म्हणायचे, "काय थापाडे, आज काय सांगतेस?" सगळे हसायचे. मला मेलीला वाईट वाटायचं, पण सांगते कोणाला?

मग चौऱ्याऐंशी साली आम्ही जोगेश्वरीला गेलो. तिथे साळवीवाडी नावाची चाळवस्ती होती. बहुतेक सगळी कोकणातली माणसं. वाडीपुढे रस्ता आणि रस्त्याला लागून मुलांचं मैदान. मैदान म्हणजे काय, लाल मातीचा तुकडा आणि कडेला चार रोपटी. पण दिवसभर तिथे कबड्डी, लगोरी आणि नुसता कल्ला! मी पडल्या पडल्या बघत राहायचे.

त्या मैदानावरच संकट आलं होतं. काँप्युटर म्हणत होता की या वाडीत घरोघर मोटारी आहेत, रस्ता लवकरच तुंबणार आणि धुराने माणसं घुसमटणार. धुराच्या नकाशात साळवीवाडी काळीकुट्ट दिसत होती. उपाय काय, तर रस्ता रुंद करा. रुंद कुठून करणार? मैदानातून! पद्मजाताईचा अहवाल पुढच्याच आठवड्यात जायचा होता.

आणि मी? मी मोजल्या इनमिन मूठभर मोटारी.

"नळी म्हातारी झाली," नंदकुमार साहेब म्हणाले. "हिचा आकडा सोडून द्या आणि हिला भंगारात टाका. घाटकोपरला जास्त मोजलं, इथे कमी मोजते. काँप्युटर कशाला चुकेल?"

पद्मजाताई धावत रस्त्यावर आली. "लवूकाका, हिला कुठे भोक पडलंय का हो?"

लवूकाकांनी मला या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपलं. "तिका काय एक झाला नाय. उगाच तिच्यार आळ घेव नकात."

तेवढ्याने तिचं समाधान होईना. तिने कचेरीची जीप मागवली आणि माझ्यावरून पुढे-मागे, पुढे-मागे फिरवली. स्वतः बोटांवर मोजलं आणि पेटीत डोकावली. एकही चूक नाही! मी आनंदाने फुलले, पण तिचं तोंड उतरलं. ती रस्त्याच्या कडेला मटकन बसली आणि पुटपुटली, "नळी खरी असेल तर माझं वर्षभराचं काम खोटं ठरतं."

मित्रांनो, तेव्हा गप्प बसणं किती सोपं होतं! मला भंगारात टाकायचं, अहवाल पाठवायचा, काम फत्ते. कोणी विचारलंही नसतं. मी तर जीव मुठीत धरून पडले होते. मैदानात मुलांची कबड्डी रंगली होती. पद्मजाताईने त्यांच्याकडे पाहिलं, मग ती ताडकन उठली आणि वाडीत शिरली.

पहिल्याच दाराशी शेवंतीमावशी सुकट निवडत बसल्या होत्या. त्यांचे यजमान ज्या गिरणीत कामाला होते ती बंद पडली होती आणि आता ते चर्चगेटला एका ऑफिसात शिपाई होते.

"मावशी, तुमचे मालक कामावर कशाने जातात हो?"

"गाडीनं."

"आणि शेजारचे?"

"ते पण गाडीनंच. सगळी वाडी गाडीनंच जाते की!"

पद्मजाताईने इकडेतिकडे पाहिलं. वाडीत एकच सायकल होती, तीही पंक्चर. "मग एवढ्या गाड्या उभ्या कुठे करता?"

शेवंतीमावशींच्या हातातलं सूप खाली पडलं. "अगो बाय माझ्या! आम्ही कशाला उभी करू? मोटरमन करतो की, फलाटावर!"

 पद्मजाताईने कपाळावर हात मारला आणि अशी हसत सुटली, अशी हसत सुटली, की मावशींनी घाबरून तिला पाणी दिलं. "अहो, मी स्वतःच रोज गाडीने येते! मुलुंडहून! रोज ओरडते, गाडी चुकेल, गाडी चुकेल!"

झालं होतं असं. घरोघर फिरून माहिती घेणाऱ्या मुलींनी लोक बोलले तसंच लिहून घेतलं होतं, 'गाडी'. त्या उत्तरांचे आकडे करायचं काम मात्र गेलं कोल्हापूरला. तिथे कुठली आलीय लोकल? तिथल्या माणसांनी सरळ मनाने गाडी म्हणजे मोटार धरली. आणि काँप्युटरने साऱ्या साळवीवाडीला मोटारीत बसवलं!

"म्हंजे माझ्या चाळीत पण मोटारी?" लवूकाकांनी डोळे मोठे केले. "मगे औंदा गणपतीक तीच घेवन गावाक जातंय!"

नंदकुमार साहेब काही लवकर ऐकेनात. "असं कसं? गाडी म्हणजे गाडी. मीही रोज गाडीनेच येतो."

"साहेब," पद्मजाताई हळूच म्हणाली, "ती तुमची स्कूटर."

साहेबांनी हातातल्या स्कूटरच्या किल्लीकडे पाहिलं. मग त्यांची मिशी थरथरली, मग पोट हललं, आणि शेवटी सगळी कचेरी खो खो हसली. लवूकाकांनी हे मला एवढ्या वेळा रंगवून सांगितलंय, की मी तिथे होते असंच मला वाटतं.

गणित नव्याने मांडलं गेलं. आता काँप्युटरचा आकडा माझ्या आकड्याच्या पंगतीला येऊन बसला. नकाशातली साळवीवाडी उजळली. रस्ता होता तेवढाच ठेवावा, असं पद्मजाताईने अहवालात लिहिलं, आणि मैदान वाचलं. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः स्कूटरवरून जोगेश्वरीला आले. खाली वाकून त्यांनी माझ्यावरची धूळ झटकली आणि म्हणाले, "थापाडे आम्हीच निघालो, बाई." काय सांगू, अंगावर चाक नसतानाच मी एकदा 'फुस्स' करून घेतलं!

पुढे मी आणखी काही वर्षं राबले. बोरिवली, कांदिवली, जुहू, सगळीकडे आडवी झाले. मग अंगाला चिरा पडल्या, हवा टिकेना, आणि नवी कोरी नळी आली. चालायचंच. तिला मी सांगितलं, "वरात दिसली की श्वास रोखून धर."

मला भंगारात टाकायची वेळ आली, तेव्हा पद्मजाताई आडवी आली. तिने मला वेटोळं करून पिशवीत घातलं आणि साळवीवाडीत नेलं. तिथे लवूकाकांनी माझं टोक नळाला जोडलं. मित्रांनो, त्या दिवशी माझ्या पोटात पहिल्यांदा पाणी शिरलं! आता रोज संध्याकाळी कबड्डीआधी मी मैदानावर सडा घालते. कडेची रोपटी वाढली आहेत. त्यात मोगरा नाही, पण एक जास्वंद आहे, आणि ती मला पुरते.

माझं एवढंच ऐका. जुनी वस्तू वेगळं काही सांगू लागली, तर तिला लगेच मोडीत काढू नका. आधी हात लावून बघा, आणि मग दाराशी जाऊन माणसांना विचारा. आकडा कितीही ऐटीत बसलेला असो.

ती बघा, मुलं आलीच. एकमेकांचे शर्ट धरून 'झुक झुक, झुक झुक' करत निघाली आहेत. आता सगळी माझ्यावरून धडधडत जातील, माझ्या चिरांतून पाणी उडेल, आणि आरडाओरडा होईल. पेटी नाही, आकडा नाही, तरी जुनी खोड जात नाही. मी मनातल्या मनात मोजणारच.

गाडी, एक.