पाहुण्याच्या खांद्यांवरचे कवच

मी एक जुने खांदेकवच आहे. अमेरिकन फुटबॉलचे गडी जर्सीच्या आत खांद्यांवर आणि छातीवर जे कठीण प्लॅस्टिकचे चिलखत चढवतात, तेच. मित्रांनो, सामना पाहताना तुम्हाला गड्यांचे रुंद खांदे दिसतात ना? ते त्यांचे नसतात. ते आमचे असतात. मारही आम्हीच खातो, पण टाळ्या जर्सीला पडतात.

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. साच्यातून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. एका जाडजूड बाईने माझ्या आत मऊ फोम बसवला, पट्टे ओवले, बक्कल लावले, मला गुडघ्यावर ठेवले आणि छातीवर दोन सणसणीत बुक्क्या हाणल्या. "जा बाबा, मार खा," ती म्हणाली. एवढाच काय तो आशीर्वाद घेऊन मी जगात आलो.

अलाबामातल्या एका लहानशा कॉलेजात माझी रवानगी झाली. तिथे मोठी कवचे दांडग्या गड्यांनी आधीच पळवली होती. मी आकाराने लहान, म्हणून कोपऱ्यात उरलो होतो. शेवटी एक उंच, काटकुळा मुलगा आला. लव्हेल पेटवे त्याचे नाव. त्याने मला अंगात घातले, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि जागच्या जागी उडी मारली. हात कुठेही अडले नाहीत. "हेच," तो म्हणाला. त्या दिवसापासून त्याने दुसरे कवच अंगाला लावले नाही.

त्याचे काम सांगायला सोपे होते. जीव तोडून पळायचे आणि दुरून फेकलेला चेंडू झेलायचा. झेलताना नजर चेंडूवर ठेवावी लागते, त्यामुळे अंगावर कोण येतोय ते दिसत नाही. ते मला दिसायचे, पण मला ओरडता कुठे येते?

कॉलेज संपले तेव्हा मोठ्या संघांपैकी कुणीही त्याला निवडले नाही. तो आपणहून ओमाहाच्या संघाकडे चाचणीला गेला आणि कसाबसा आत शिरला. तिथे ग्रेडी स्टोव्हल होता. चेंडू झेलणाऱ्याला अडवणे हे स्टोव्हलचे काम, आणि त्या कामात त्याला कमालीची गोडी होती. त्याची जागा पक्की होती. लव्हेलची नव्हती, आणि हे स्टोव्हल त्याला विसरू देत नसे.

"अरे पाहुण्या," तो कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांदेखत म्हणायचा, "बॅग उघडू नकोस हं. परत भरायचा त्रास कशाला?"

सगळे हसायचे. लव्हेल बुटाची नाडी बांधत बसायचा.

सरावात हवेत उडालेल्या आपल्याच गड्याला मारायचे नसते. एका दुपारी लव्हेलने हवेत झेप घेऊन फार सुंदर झेल घेतला. मैदानाबाहेरचे लोक टाळ्या वाजवू लागले आणि स्टोव्हल मागून येऊन आदळला. त्याने बरोबर नेम धरला होता. माझा काठ जिथे संपतो, त्याच्या चार बोटे खाली. बरगडी मोडल्याचा आवाज मी फार जवळून ऐकला. स्टोव्हल वर उभा राहून म्हणाला, "दार तिकडे आहे, पाहुण्या."

बरगडी जुळायच्या आत निरोप आला. "कोचनी बोलावलंय. टॅबलेट घेऊन ये." टॅबलेटमध्ये संघाचे डाव असतात. तो परत मागितला की समजायचे, आपण आता त्या संघाचे नाही. पुढच्या काही वर्षांत हे वाक्य मला इतक्या वेगवेगळ्या आवाजांत ऐकू आले की बोलावणारा दारात नुसता उभा राहिला, तरी लव्हेल मला उचलून बॅगेत कोंबू लागायचा.

कुणाचा गडी जायबंदी झाला की त्याला बोलावणे यायचे. तो गडी बरा झाला की याला वाटेला लावायचे. माझ्यावरच्या जर्सीचा रंग बदलत गेला. कधी नारिंगी, कधी हिरवा, कधी विटकरी. टल्साला एकदा त्याने शेवटच्या क्षणी झेल घेऊन सामना जिंकून दिला. भोंग्यावरून त्याचे नाव गर्जले, तेही चुकीचे. "पिटवी! पिटवी!" म्हणून सगळे मैदान ओरडत होते. लव्हेलला रडू फुटले होते, आणि छातीचे ते हुंदके फक्त मला कळत होते. पुढच्याच आठवड्यात टल्साचा जुना गडी बरा झाला आणि 'पिटवी'कडे टॅबलेट मागितला गेला.

रस्त्यात त्याच्या थोरल्या बहिणीचा, ओडेसाचा, फोन यायचा. ती फोनवर बोलत नसे, तोफ डागत असे.

"आता कुठल्या गावी?"

"टोलेडो."

"तिथं तरी चादर बदलून देतात का? अरे, आईच्या आजारपणात तू ओमाहात, तिच्या मातीला तू टल्सात. लोक विचारतात, भाऊ काय करतो? मी सांगते, पळतो."

लव्हेल फोन ठेवून द्यायचा. मला बॅगेतूनही तिचा राग ऐकू यायचा.

टोलेडोला मी पोहोचलो तेव्हा माझा फोम दबला होता आणि मला असा वास येत होता की सामानाचा सांभाळ करणारा म्हातारा डफी मला चिमट्यानेच उचलायचा. "हे पॅड नाही, मेलेलं जनावर आहे," तो कुरकुरायचा. "नवं घे की!"

"नव्यात हात अडतात," लव्हेल म्हणायचा.

तिथला कोच ब्रॅटन हळू आवाजात बोलणारा माणूस होता. त्याला सगळे घाबरत. ओमाहाचा संघ टोलेडोला खेळायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी तो सामानाच्या खोलीत आला. मी खुंटीवर होतो. डफी टॉवेलच्या घड्या घालत होता.

"पेटवे, उद्या स्टोव्हल आहे."

"माहीत आहे, कोच."

"तुझी बरगडी त्यानंच मोडली होती म्हणे."

"हो."

"उद्या एकदा आपण चेंडू घेऊन त्याच्याच बाजूनं पळणार. त्याची नजर चेंडूवर असेल. तू आडवा ये." ब्रॅटनने स्वतःच्या गुडघ्यावर दोन बोटे हलकेच आपटली. "खाली जा. कळलं?"

"कोच, ते नियमात बसत नाही. त्याचा पाय जाईल."

"दंड होईल तो मी बघून घेईन. ज्याच्या जागी तुला घेतलं, तो डेव्हन सोमवारी बरा होऊन येतोय. माझ्याकडे जागा एक आहे. ती मी सांगितलेलं करणाऱ्याला देणार."

तो गेला. लव्हेलने डफीकडे पाहिले.

"माझ्याकडे काय बघतोस?" डफी खेकसला. "मी बहिरा आहे. पेन्शन मिळेपर्यंत बहिराच राहणार."

सामन्याच्या दिवशी बर्फाची भुरभुर होती. टोलेडो मागे पडला होता आणि आमचेच लोक आम्हाला शिव्या घालत होते. स्टोव्हल समोर उभा राहिला. त्याच्या दाढीत आता पांढरे केस आले होते. जीभ मात्र तीच होती.

"अरे पाहुण्या! अजून जिवंत? सध्या कुणाच्या घरी उतरलायस?"

"तुझ्या मानगुटीवर."

"बरगडी कशी आहे? थंडीत ठणकते ना?"

दुपारभर त्याने लव्हेलला ओढले, ढकलले, पंचाची पाठ वळली की माझ्या गळपट्टीत बोटे घालून खाली दाबले. एकदा तर थुंकला. लव्हेलची छाती भात्यासारखी हलत होती. मित्रांनो, मी साधे प्लॅस्टिक, पण त्या दिवशी माझ्यातही द्वेष भरला होता.

मग तो डाव आला. चेंडू घेतलेला गडी स्टोव्हलच्या बाजूने सुटला. लव्हेल आडवा पळत निघाला. स्टोव्हलने त्याला पाहिले नव्हते. त्याची नजर चेंडूवर होती, सगळा भार एका पायावर होता, आणि तो गुडघा बर्फात रोवल्यासारखा ताठ होता. लव्हेल खाली झुकला. माझा खांदा बरोबर त्या गुडघ्याच्या रेषेत आला. खरे सांगतो, मला तो गुडघा हवा होता.

आणि लव्हेल ओरडला, "स्टोव्हल! इकडे बघ!"

स्टोव्हल गर्रकन वळला. लव्हेल ताठ झाला आणि सगळ्या वर्षांचा राग घेऊन समोरून त्याच्या छातीवर आदळला. काडकन आवाज झाला. तो माझा होता. स्टोव्हल उताणा पडला. आमचा गडी त्याच्या बाजूने निसटला आणि थेट शेवटच्या रेषेपलीकडे गेला. शिव्या घालणारे लोक आता नाचत होते.

स्टोव्हल थोडा वेळ आभाळाकडे बघत राहिला. मग उठून बसला. "ओरडलास कशाला, मूर्खा?"

"माझं तोंड दिसावं म्हणून."

"पुढच्या वेळी मी नाही ओरडणार."

"माहीत आहे मला."

कुणी कुणाला हात दिला नाही.

सामना संपल्यावर ब्रॅटन बाजूने जाताना थांबला. "मी काहीतरी सांगितलं होतं."

"गुण मिळाले ना, कोच?"

"मी गुण मागितले नव्हते," तो हळू आवाजात म्हणाला.

सोमवारी निरोप आला. टॅबलेट घेऊन ये. त्यानंतर कुठल्याच संघाने बोलावले नाही. डफीने मला दिव्याखाली धरले. गळ्यापासून छातीपर्यंत तडा गेला होता. "हे संपलं. पुढच्या माराला तुकडा आतच घुसेल," तो म्हणाला आणि मला कचऱ्यात टाकायला निघाला. लव्हेलने मला त्याच्या हातातून हिसकावले.

पुढची वर्षे मी अलाबामात, ओडेसाच्या गॅरेजमध्ये, रंगाच्या डब्यांमागे काढली. कोळ्यांनी माझ्यात जाळी विणली. लव्हेल ट्रक चालवू लागला होता. तो आत यायचा, हवे ते हत्यार उचलायचा आणि माझ्याकडे न बघता जायचा. मी वाट पाहत असे. एक दिवस तो मला पुन्हा अंगावर चढवेल, असे मला वाटत असे. जुन्या वस्तूंना दुसरे काय वाटणार?

मग एका शनिवारी शाळेच्या संघाचा कोच हार्गिस जुने सामान गोळा करत आला. ओडेसाने मला आनंदाने बाहेर काढले. "घेऊन जा. गॅरेजमध्ये डुक्कर मेल्याचा वास येतो."

अंगणात मासे साफ करत बसलेला लव्हेल उठला. "ते फुटलंय. नाही द्यायचं."

"टेप मारतो की," हार्गिस म्हणाला. "वरून रंगाचा हात दिला की कुणाला कळतंय? मोठ्या मैदानावरचं पॅड म्हणून पोरं जीव टाकतील."

"तेच म्हणतोय मी. टाकतील."

हार्गिसचा चेहरा लाल झाला. "स्वतः कुठं टिकला नाहीस, आणि गावाला एक फुटकं पॅड देववत नाही तुझ्या हातून? चर्चमध्ये तोंड कसं दाखवतोस रे?"

"दे ना एकदाचं!" ओडेसा ओरडली. "सगळ्यांशी वैर धरलंच पाहिजे का?"

लव्हेलने मला मांडीवर घेतले. कित्येक वर्षांनी त्याचा तळवा माझ्या तड्यावरून फिरला. मग त्याने मासे कापायची सुरी उचलली आणि माझे पट्टे एकेक करून कापले. छातीचे कापले, काखेतले कापले.

"माझी सुरी!" ओडेसा किंचाळली.

हार्गिस पाय आपटत गेला आणि ट्रकचे दार असे आपटले की शेजारचे कुत्रे भुंकू लागले. गावात तो आजही लव्हेलशी बोलत नाही.

आता ओडेसाने मला परसातल्या भाजीत एका काठीवर अडकवले आहे. कावळे मला मुळीच घाबरत नाहीत. पट्टे गेले, तेव्हा कुणाच्या खांद्यावर बसायची आशाही गेली, आणि पहिले काही दिवस मी लव्हेलचा फार राग केला. मग पाऊस आला, तड्यातून पाणी आत गेले आणि फोमपर्यंत गार वाटले. तो तडा किती खोल आहे ते मला तेव्हा कळले. लव्हेलला ते आधीच कळले होते.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची काळजी घ्या. आम्हाला धुवा, पुसा, वाळवा. पण कधीतरी उजेडात धरूनही बघा. तडा दिसला, तर रंग लावून आम्हाला दुसऱ्याच्या छातीवर चढवू नका. कुणी कितीही चिडले, तरी आमचे पट्टे कापा.