खाणीच्या दालनातला प्रश्न

संग्रहालयात शाळेची मुलं आली की त्यांना फिरवायचं काम ताईकडे असे. खाणीचं दालन तर तिचं हुकमी. प्लायवूडचा खोटा बोगदा, काळ्या रंगवलेल्या भिंती, दिव्याची हेल्मेटं घालून वाकत वाकत जाणारी मुलं. पलीकडे बाकांवर बसवून ती त्यांना अपघाताची हकिकत सांगे: छत कसं कोसळलं, पाणी कसं भरलं, कोण वर आलं आणि कोण आलं नाही. न आलेल्यांचे फोटो भिंतीवर होते. त्यात एक तिच्या वडिलांचा. पण हे ती मुलांना कधी सांगत नसे. तेव्हा ती तान्ही होती. दुःख करावं इतकी ओळखच कुठे झाली होती?

एका सकाळी पाचवीतल्या एका मुलीने नेमकं त्याच फोटोकडे बोट दाखवलं.

"हे काका कशाला घाबरायचे?"

"खाणीत उतरणारी माणसं घाबरट नसतात गं," ताईने नेहमीच्या सुरात सांगितलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

वर्गाच्या बाईंनी डोळे वटारले. ताईने हातानेच त्यांना थांबवलं. "नाही माहीत," ती म्हणाली, आणि रोजचं तोंडपाठ पुढचं वाक्य तिला काही केल्या आठवेना.

संध्याकाळी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. वडिलांचा विषय त्या घरात निघत नसे. निघालाच तर आई उठून आत जाई. ताईने चपला काढता काढताच विचारून टाकलं.

"आता कशाला ते उकरून काढतेस?"

"मुलं विचारतात गं. मी काय सांगू?"

आईने उशीचा अभ्रा झटकला, दुमडला, पुन्हा उलगडला.

"पालीला."

"काय?"

"पालीला घाबरायचे. जमिनीच्या पोटात जाणारा माणूस, आणि भिंतीवर पाल दिसली की स्टुलावर! मी झाडू घेऊन धावायची आणि हे वरून सांगणार, मारू नकोस, नुसती हाकल."

ताईला हसू फुटलं. आईलाही. हसता हसताच आईने तोंड अभ्र्यात खुपसलं आणि इतक्या वर्षांचं साचलेलं बाहेर आलं. ताई तिला टेकून बसून राहिली.

डोळे पुसून आईने विचारलं, "तुझी ती मुलं पुन्हा कधी येणार?"

पुढच्या शाळेच्या वेळी आई आली. बोगद्यात काही शिरली नाही. "मला नको बाई," म्हणत बाजूने वळसा घालून गेली. फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. मग ठेंगण्या बाकावर गुडघे सावरत मुलांमध्ये बसली. "हे माझे यजमान. विचारा काय विचारायचं ते."

मुलं पुढे सरकून बसली. मग एकाने विचारलं, ते गाणी म्हणायचे का? म्हणायचे तर, पण असे बेसूर की शेजारीण पलीकडून भिंत बडवायची. त्यांना काय आवडायचं? झोप! मुलं खिदळली. मग कोणीतरी हळूच विचारलं, "ते आले नाहीत, तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"फाटकाशी उभी राहिले," आई म्हणाली. "आम्ही सगळ्याच उभ्या होतो. माझ्या कडेवर ही होती. भोंगा थांबला तरी एकीचाही पाय हलला नाही."

मुलांच्या माना वळल्या. मागच्या भिंतीशी ताई उभी होती. शेजारीण भिंत बडवायची, हे तिलाही आजच कळत होतं.