छोटीची तीन काजं

ते सत्त्याण्णव साल. शाळा उघडायला थोडेच दिवस उरले होते आणि आमच्या शिवणाच्या दुकानात गणवेशांचा डोंगर पडला होता. मी कापायची, माझी नणंद शिवायची. घरात धाकटी म्हणून तिचं नाव छोटी पडलं. उंचीने मात्र ती दारातून वाकून यायची.

तिच्या मशीनचा आवाज मला अजून ऐकू येतो. एका लयीत, न थांबता चालायचं ते. त्या सकाळी मात्र अडखळायला लागलं. थोडे टाके पडायचे आणि थांबायचं. मी मान वर करून बघितलं, तर बाईसाहेब डाव्या पायाने पायडल मारत होत्या.

"उजव्या पायाला काय झालं?"

"मुंग्या आल्यात."

"आणि डबा तसाच का?"

"वहिनी, तू कापड काप. माझी मापं घेऊ नकोस."

पण तिच्या कपाळावर घाम होता. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, आदल्या दिवशी बेंबीपाशी दुखत होतं, आता उजवीकडे खाली सरकलंय. ती का लपवत होती ते मला ठाऊक होतं. माझ्या लग्नाआधीच सासूबाई याच दुखण्याने गेल्या होत्या. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले होते, किरकोळ काम आहे, उद्या त्या तुमच्याशी बोलतील. सासूबाई पुन्हा बोलल्या नाहीत. पोटावरची ती वीतभर चीर छोटीने शाळकरी वयात पाहिली होती.

मी ह्यांना बोलावलं आणि तिला गाडीत घातलं. प्रत्येक खड्ड्याला ती पोट धरायची. हे पुढून म्हणायचे, "रस्ता मी नाही बांधला गं." एरवी ती हसली असती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हात हलका. त्यांनी पोट दाबलं तेव्हा छोटी गप्प राहिली, हात सोडला तेव्हा कळवळली. मग तिला डाव्या कुशीवर वळवून उजवा पाय मागे ओढला, तर तिने पलंगाची दांडीच पकडली. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली.

"अपेंडिक्स सुजलंय. आतड्यामागे दडलंय, म्हणून पाय हलवला की कळ येते. आजच काढायला हवं. फुटलं तर पू पोटभर पसरेल."

"कापणार?" छोटीने विचारलं.

"दुर्बिणीतून काढीन. तीन छोटी छिद्रं." त्यांनी आपल्या कोटाचं काज दाखवलं. "साधारण एवढी."

छोटीने ते काज निरखलं. "शब्द द्या. तीन काजं, चौथी चीर नाही. मग सही करते."

"तो शब्द नाही देता येणार, ताई. आत फार चिकटलेलं असलं, रक्त थांबलं नाही, तर पोट उघडावं लागेल."

"मग मला घरी न्या," म्हणत छोटीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

बाहेर हे डॉक्टरीणबाईंच्या मागे मागे. "हो म्हणा ना. भूल दिल्यावर तिला काय कळणार आहे?"

"उठल्यावर कळेल," त्या म्हणाल्या.

मी दारात, ना आत ना बाहेर. फुटलं तर, फुटलं तर, एवढंच डोक्यात घुमत होतं. दार अर्धवट उघडं होतं. आतून हाक आली, "दादा, त्यांना छळू नकोस. पाठव आत." मग मला म्हणाली, "वहिनी, गिऱ्हाईक आलं की मी काय सांगते?"

"कापड बघितल्याशिवाय शब्द देत नाही."

"आईच्या वेळी लगेच दिला होता." डॉक्टरीणबाई आत आल्या तशी ती भिंतीकडून त्यांच्याकडे वळली. "पेन द्या."

तिला आत नेलं आणि आमची येरझार सुरू झाली. दुकानातली मोजपट्टी माझ्या गळ्यातच राहिली होती. मी ती बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. एक नर्स घाईने बाहेर आली, काहीतरी घेऊन तशीच आत गेली, आमच्याकडे न बघता.

"उघडलं वाटतं पोट," हे म्हणाले.

"गप्प बसा हो."

"बसवत नाही म्हणून तर उभा आहे."

शेवटी डॉक्टरीणबाई आल्या. गालांवर मास्कचे वळ. "चिकटलं होतं. मध्येच वाटलं, आता उघडावंच लागणार. पण निघालं."

"भोकं किती?" मी विचारलं.

"तीनच."

दुसऱ्या दिवशी पट्टी बदलताना छोटीने वाकून पाहिलं. "टाके बरे आहेत. खालचा जरा घाईत घातलाय."

"तुम्ही कापड धरायला नव्हतात ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. छोटी पोट धरून म्हणाली, "हसवू नका हो, दुखतं."

हे जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात डॉक्टरांना म्हणायचे, गोड बोलू नका, खरं सांगा. डॉक्टरीणबाई मोठ्या झाल्या, आता डॉक्टरकीच्या मुलांना शिकवतात. त्यांचे कोट छोटीच शिवते. कधी मिळेल विचारलं, तर अजूनही म्हणते, कापड आणा, बघते, मग सांगते.

मला आता कात्री पेलत नाही. मी तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसते. मशीन विजेचं झालंय, पायाचं काही कळत नाही. आवाज थांबला की मी उठून उभी राहते.

"काय झालं गं?"

"दोरा ओवतेय, वहिनी. बस खाली."